मागावे लागू नये म्हणून

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



 शाळेत शिकणाऱ्या मुलींना सॅनिटरी नॅपकिन मोफत द्यावेत की नाही, यावरून आपल्या देशात आणि देशाबाहेर जो राजकीय वाद झाला, तो आजचा विषय आहे. मी हा विषय कळविला तेव्हा समितीतील एका ज्येष्ठ बंधूंचा मला फोन आला. ते म्हणाले, "ताई, विषय उत्तम आहे. फक्त पत्रिकेवर 'महिलांचे आरोग्य' असे छापले तर चालेल का?" मी चालेल म्हटले, आणि पत्रिकेवर तसेच छापले आहे. माझी तक्रार नाही. परंतु ज्या वस्तूचे नाव आपल्याला पत्रिकेवर छापता येत नाही, ती वस्तू तेरा वर्षांच्या मुलीने भर वर्गात सरांकडे कशी मागायची? माझे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

सुरुवात पाटण्यापासून करते. सप्टेंबर २०२२ मध्ये बिहार सरकारच्या महिला व बाल विकास महामंडळाने तेथे शाळकरी मुलींसाठी एक कार्यशाळा घेतली होती. मुलींना सक्षम करणे हाच कार्यशाळेचा हेतू होता. तीत झोपडपट्टीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, सरकार इतक्या गोष्टी देते, तर वीस-तीस रुपयांचा सॅनिटरी पॅड देऊ शकत नाही का? महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालक व्यासपीठावर होत्या. त्या स्वतः स्त्री, वरिष्ठ सनदी अधिकारी. त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा : आज पॅड मागता, उद्या जीन्स मागाल, परवा सुंदर बूट मागाल आणि शेवटी कुटुंबनियोजनाची साधनेही फुकटच मागाल. मुलगी म्हणाली, मते मागायला सरकार येतेच ना. त्यावर, मग देऊ नका मत, व्हा पाकिस्तान, असे उत्तर मिळाले. मुलीनेही ताडकन सांगितले की मी भारतीय आहे, मी पाकिस्तानात कशाला जाऊ?

याच कार्यशाळेत दुसऱ्या एका मुलीने शाळेतल्या शौचालयाची तक्रार केली. ते मोडके आहे आणि मुलगेही त्यात शिरतात, असे तिचे म्हणणे होते. तिला उलट विचारण्यात आले, तुमच्या घरी वेगवेगळी शौचालये आहेत काय? पुढे या सगळ्याची चित्रफीत देशभर फिरली, राष्ट्रीय महिला आयोगाने खुलासा मागितला आणि अधिकारीबाईंनी खेद व्यक्त केला.

त्या बाईंवर टीका करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलेली आहे. मला त्यांचे बोलणे वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. इतर जण पोटात ठेवतात ते त्या ओठावर आणून मोकळ्या झाल्या. हे फुकट दिले तर उद्या काय काय मागतील, हा आक्षेप आपल्याला नवीन आहे काय? शिष्यवृत्ती, वसतिगृह, फीमाफी या प्रत्येक वेळी आपल्या समाजाने तो ऐकलेला आहे. माझ्या वडिलांना तो ऐकावा लागला, मला ऐकावा लागला.

गंमत अशी की बिहारमध्ये त्या वेळी योजना अस्तित्वात होती. सरकारी शाळेतील सातवी ते बारावीच्या मुलींना यासाठी वर्षाला ३०० रुपये मिळत. म्हणजे महिन्याला २५ रुपये. मग ती मुलगी काय मागत होती? येथे मला माझ्या नोकरीतले थोडे सांगावे लागेल.

गेली वीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर बसते. सरकारी योजनांचे पैसे थेट खात्यात जमा होऊ लागल्यापासून मधले हात कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्या पद्धतीची मी विरोधक नाही. परंतु खात्यात जमा झालेल्या ३०० रुपयांवर 'हे पोरीच्या पाळीसाठी' असे लिहिलेले नसते. अज्ञान मुलीचे खाते असते, सही बापाची असते. बाप पासबुक घेऊन येतो आणि आलेत का पैसे म्हणून विचारतो. त्याच आठवड्यात गॅस संपलेला असतो, धाकट्याला ताप असतो. बाप वाईट असतो असे मुळीच नाही. घरात पैसा आला की तो सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या गरजेकडे जातो, आणि मुलीची ही गरज तर तोंडच उघडत नाही. म्हणून रोख रक्कम द्यावी की वस्तू द्यावी, या अर्थशास्त्रज्ञांच्या वादात मी इतर बाबतींत कदाचित रोखीच्या बाजूने मत देईन, पण या एका बाबतीत वस्तूच्या बाजूने उभी राहीन. वस्तू शाळेत असावी. मुलगी जेथे अडते तेथे असावी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने 'अस्मिता' योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत, आणि ते बचत गटाच्या महिलांमार्फत. कल्पना चांगली होती. गावातल्या बाईलाच विक्रीचे काम मिळणार, मुलीला ओळखीच्या मावशीकडून वस्तू मिळणार. त्याआधी २०११ पासून केंद्राची योजना होती, तीत आशाताई सहा नॅपकिनचे पाकीट ६ रुपयांना देत असत.

पण योजना कागदावर वाचताना माझ्यातला कारकून जागा होतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंत असतात. पाळी साधारण त्याच सुमारास सुरू होते. पुढे मुलगी हायस्कुलात जाते, आणि आपल्याकडची हायस्कुले बहुतांशी खासगी अनुदानित आहेत. म्हणजे गरज सुरू झाली की मुलगी योजनेच्या व्याख्येबाहेर! शहरातल्या वस्तीतून पालिकेच्या शाळेत जाणारी मुलगी तर पहिल्यापासूनच बाहेर. दुसरा हिशेब पाकिटाचा. पाळी चार-पाच दिवस चालते आणि दिवसातून तीन-चार वेळा बदलावे लागते. बारा ते वीस नॅपकिन झाले. आठच्या पाकिटात ते बसत नाहीत. बसवायचे म्हणजे एकच नॅपकिन सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत ठेवायचा. त्याचे परिणाम डॉक्टरांना विचारा.

पैशाबद्दल आणखी थोडे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. कुंकू, टिकली, बांगड्या यांवर शून्य टक्के. स्त्रीच्या सौभाग्याची खूण करमुक्त आणि तिच्या शरीराची गरज करपात्र! देशभर ओरड झाली, न्यायालयात याचिका गेल्या, संसदेत प्रश्न आले आणि जुलै २०१८ मध्ये हा कर रद्द झाला. मात्र वस्तू करमुक्त झाली की कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे बारा टक्के कर गेला म्हणजे किंमत बारा टक्क्यांनी उतरली, असे होत नाही. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकून दिलेले ते पाकीट आजही मजुराच्या घराला जडच जाते. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक नॅपकिन १ रुपयाला मिळू लागला, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. त्या रुपयाकडे मी शेवटी परत येणार आहे.

कोणी म्हणेल, आता परिस्थिती सुधारली आहे. सुधारली आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी पाळीत स्वच्छ साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. आनंदाची गोष्ट आहे. राहिलेल्या पावणेतेवीस टक्क्यांत कोण असतील, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको.

मीही एके काळी त्यांतलीच. १९९०च्या दशकात आमच्या हायस्कुलात मुलींसाठी एक संडास होता, त्याला कडी नव्हती. एक मैत्रीण बाहेर दार ओढून उभी राही. पाणी बादलीने न्यावे लागे आणि बादली शिपायाच्या खोलीत असे. आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या आम्ही वापरत असू. घरी त्या ट्रंकेमागे, दुसऱ्या कपड्याच्या आड वाळत. एकदा गणिताच्या तासाला मला उठता येईना. सरांनी फळ्याजवळ बोलावले, मी बसूनच राहिले. उद्धट म्हणून मला बाकावर उभे केले. पुढचे सांगत नाही. मी दप्तर पाठीमागे धरून घरी चालत गेले आणि चार दिवस शाळेला गेले नाही. सर दुष्ट नव्हते, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. मी सांगितले असते तर त्यांनी सोडले असते, हेही मला आज कळते. पण सांगायचे कसे?

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत नॅपकिन आणि शाळेत स्वतंत्र स्वच्छतागृह मिळावे म्हणून डॉ. जया ठाकूर यांनी २०२२ मध्ये याचिका केली. १० एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राला सर्व राज्यांशी बोलून एकसमान राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगितले. आणि ३० जानेवारी २०२६ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने निकाल दिला की पाळीच्या काळातील आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. शाळा सरकारी असो की खासगी, मुलींना विघटनशील नॅपकिन मोफत द्यावेत, चालू स्थितीतील वेगळे स्वच्छतागृह असावे, असे आदेश झाले. आणि हे नॅपकिन शक्यतो स्वच्छतागृहाच्या आवारातच, यंत्राद्वारे, उपलब्ध असावेत असेही न्यायालयाने सांगितले. माझ्या दृष्टीने सगळा निकाल या एका तपशिलात आहे. वस्तू मुख्याध्यापकांच्या कपाटात, किल्ली कारकुनाकडे आणि वहीत नाव, इयत्ता, सही, असे असेल तर ती वस्तू मोफत असूनही मुलीला मिळालेली नाही. ती तिला मागावी लागते.

हे परदेशातही समजायला वेळ लागला. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून शाळा-महाविद्यालयांत ही साधने मोफत झाली. पुढे मोनिका लेनन या मजूर पक्षाच्या आमदार बाईंनी सर्वांसाठीच कायदा असावा म्हणून विधेयक आणले. सरकारचा प्रथम विरोध होता. खर्च विधेयकात धरलेल्यापेक्षा दुपटीहून अधिक होईल, सीमेपलीकडून इंग्लंडचे लोक येऊन फुकट वस्तू नेतील, अशा शंका निघाल्या. (म्हणजे 'उद्या काय मागतील' हे तेथेही होते.) अखेर २४ नोव्हेंबर २०२० रोजी ते विधेयक १२१ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून कायदा पूर्ण अमलात आला. त्या कायद्यात घेणाऱ्याचा मान राहील आणि वस्तू सहज मिळेल अशा रीतीने ती ठेवण्याचे बंधन आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी तसाच कायदा केला आणि वस्तू स्वच्छतागृहातच ठेवायला सांगितले. त्यावरील वाद मात्र मुलग्यांच्या स्वच्छतागृहात त्या ठेवायच्या की नाही यावरच गाजला. २०२४ च्या निवडणुकीत तर तेथील राज्यपाल टिम वॉल्झ यांना विरोधकांनी या वस्तूच्या नावाने टोपणनाव ठेवले. कोठेही पाहा, चर्चा सुरू होते मुलीच्या गरजेपासून आणि पोचते दुसरीकडेच.

आता मी जे सांगणार आहे ते आपल्यापैकी अनेकांना नवीन वाटेल. मलाही ते उशिरा कळले. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षुणींचे जे प्रकरण आहे, त्यात पाळीचा प्रश्न सरळ आलेला आहे. भिक्षुणी पाळीत असताना गादीच्या मंचकावर, आसनावर बसत आणि ती रक्ताने खराब होत. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घातली गेली. त्यांनी काय केले? त्या अपवित्र आहेत, त्यांना विहाराबाहेर बसवा, असे म्हटले नाही. त्यांनी 'आवसथचीवर' वापरण्याची अनुज्ञा दिली, म्हणजे निवासात सर्वांसाठी ठेवलेले वस्त्र. तरी डाग पडतात म्हटल्यावर आत वापरायच्या कापडाची अनुज्ञा दिली. ते गळून पडते म्हटल्यावर दोऱ्याने बांधण्याची. दोरा तुटतो म्हटल्यावर लंगोट आणि कटिसूत्राची. एखाद्या जाणत्या आईने एकामागून एक अडचण सोडवावी तसे हे चालले आहे. पावित्र्याचा शब्द नाही, तिरस्कार नाही.

पुढे भिक्षुणींच्या पाचित्तिय नियमांत याच वस्त्राची एक हकिगत येते. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ते सार्वजनिक वस्त्र स्वतःच वापरीत राही, सोडीत नसे. त्यामुळे पाळी आलेल्या इतर भिक्षुणींना ते मिळेना. तेव्हा नियम झाला की तीन दिवस वापरून चौथ्या दिवशी ते धुऊन दुसरीच्या स्वाधीन करावे. दुसरी कोणी पाळीत नसेल तर दोष नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात हे साधन कोणा एकीच्या मालकीचे नव्हते, संघाचे होते, आणि त्याचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून नियम होता. त्या काळी धुऊन पुन्हा वापरण्याचे कापड होते. आजच्या आरोग्यशास्त्राप्रमाणे असे कापड सामायिक वापरणे योग्य नाही. मी त्यामागील व्यवस्थेबद्दल बोलत आहे.

त्याच प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे. उपसंपदेच्या वेळी स्त्रियांना त्यांच्या शरीराविषयी, पाळीविषयीही काही प्रश्न विचारले जात. त्या प्रश्नांबद्दल आज आपले मतभेद असू शकतात, माझे आहेत. परंतु ते प्रश्न भिक्षू विचारीत तेव्हा स्त्रिया लाजून गप्प होत, उत्तर देऊ शकत नसत. तेव्हा, एवढी काय लाज, असे म्हणून त्यांना दटावले गेले नाही. आधी भिक्षुणीसंघात स्त्रियांनीच ते विचारावेत आणि मग भिक्षुसंघाकडे यावे, अशी पद्धत बदलण्यात आली. बाई बोलू शकत नाही तर व्यवस्था बदला. माझ्या गणिताच्या तासाला हा प्रसंग कोणाला माहीत असता तर!

बाबासाहेबांच्या चरित्रातही या वादाचा एक पूर्वज आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यातील स्त्री कामगारांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला होते. खर्चाचा बोजा कोणी सोसायचा, हाच तेव्हाही खरा वाद. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देताना म्हटले की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, लोकांचे कल्याण राखणे हे मुख्यतः सरकारचे काम आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही जबाबदारीतून सुटत नाही, असेही त्यांनी बजावले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. स्त्रीच्या शरीराची म्हणून जी गरज आहे ती तिची खासगी अडचण नाही, हा विचार आपल्या घरातला आहे. तो आपण विसरलो तर दोष पाटण्याच्या अधिकारीबाईंना कशाला द्यायचा?

आणि विसरलो आहोत, हे कबूल करायला हवे. १९५६ नंतर आपण देव्हारे नदीत सोडले, पण 'कावळा शिवला' हा शब्द सोडायला आपल्या घरांना किती वर्षे लागली? लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, हे मी धम्मदीक्षा घेतलेल्या घरात ऐकले आहे. वंदनेच्या वेळी 'आज मेणबत्ती तू लावू नको' असे पोरीला हळूच सांगितले जाते, तेही ऐकले आहे. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे ही अनुच्छेद १७ ने नष्ट केलेल्या अस्पृश्यतेचीच एक तऱ्हा आहे असे मत मांडले. विटाळ या शब्दाचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळतो? तो बाहेरच्याने आपल्यावर लादला तेव्हा आपण पेटून उठलो. तोच आपण आपल्या लेकीवर लादत असू तर काय म्हणायचे?

शाळेतही नुसते नॅपकिनचे पाकीट पोचून भागत नाही. जुलै २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतील आदिवासी विद्यार्थिनीने तक्रार केली की, पाळी असलेल्या मुलींनी झाड लावले तर ते जगत नाही असे सांगून शिक्षकाने तिला वृक्षारोपणापासून दूर ठेवले. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाल्याची तक्रार झाली, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ज्या शाळेत डाग हा गुन्हा ठरतो आणि मुली आरोपी ठरतात, तेथे भिंतीवर यंत्र बसवून काय होणार?

एका गोष्टीचा विचार मोफत वाटपाचे आपण समर्थक फारसा करीत नाही. वापरलेल्या नॅपकिनचे पुढे काय होते? तो शौचकूपात टाकला की नळी तुंबते, आणि ती उघडायला येणारा माणूस कोण असतो? कचऱ्यात उघडा टाकला तर तो हाताने वेगळा करणारी बाई कोण असते? ती आपलीच आत्या-मावशी असते. पुण्यातील कचरावेचक महिलांनी २०१३ मध्ये वापरलेले नॅपकिन गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम केली होती. मला त्या बायांचे फार कौतुक वाटते. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावे अशी तरतूद आली. म्हणून मागणी करताना ती अर्धी करू नये. नॅपकिन, पाणी, कडी, झाकणाचा डबा, गुंडाळायला कागद, आणि तो डबा उचलणाऱ्याला हातमोजे व रीतसर पगार, हे सगळे मिळून एक मागणी आहे. ज्या मुलीला कापडच सोयीचे वाटते तिने ते वापरावे. चांगले धुऊन उन्हात वाळविलेल्या कापडात काही कमीपणा नाही. मात्र ते उन्हात वाळवता आले पाहिजे, ट्रंकेमागे नव्हे.

आता त्या एक रुपयाकडे येते. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत चाळीसएक मुली येतात. सकाळी आठला येतात, रात्री नऊला जातात. स्वच्छतागृह आहे, कडी आहे, पाणी आहे, याबद्दल कार्यकारिणीचे आभार. गेल्या बैठकीत मी तेथे नॅपकिन ठेवण्याचा प्रस्ताव दिला तेव्हा खजिनदार साहेबांनी खर्चाचा अंदाज मागितला. ते योग्यच आहे, मीही तेच केले असते. अचानक गरज पडते तेव्हासाठी दरमहा प्रत्येकी पाच धरले तर दोनशे नॅपकिन, जनऔषधीच्या दराने दोनशे रुपये. झाकणाचा डबा एकदाच घ्यायचा. सफाईला येणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे मात्र वाढवावे लागतील, आणि माझ्या मते खर्चाचा मोठा भाग तोच असावा.

बैठकीत दोन सूचना आल्या. एक अशी की नॅपकिन ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात ठेवावेत आणि वहीत नोंद करावी. ग्रंथपाल दादा सज्जन आहेत, पण एवढा वेळ मी जे बोलले ते या सूचनेच्या विरोधातच होते. दुसरी शंका अशी की उघड्यावर ठेवले तर मुली घरी नेतील. नेतील. एखादी आईसाठी नेईल, बहिणीसाठी नेईल. दोनशेचे तीनशे होतील. वर्षाअखेरीस आकडा पाहू आणि वाढला तर देणगीदार शोधू. मी स्वतः पहिल्या सहा महिन्यांचे पैसे भरायला तयार आहे, पण ते माझ्या नावाने नको, संस्थेच्या जमाखर्चात सरळ नावाने दाखवावेत. 'किरकोळ' या सदराखाली नको.

हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. तेथेही तो 'महिलांचे आरोग्य' या नावाने छापला आहे. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या मुलींनी पुढे येऊन बसावे, आणि मुलग्यांनीही उठून जाऊ नये, एवढी विनंती करून आपली रजा घेते.

जय भीम.